रमाताईंची वीस मिनिटं

रमाताईंच्या मिलिंदचा फोन आला तेव्हा मी रेल्वे गेटपाशी सायकल धरून उभी होते. गाडी यायची होती, गेट पडलेलं होतं आणि धुकं एवढं, की पलीकडची माणसं नुसती हलताना दिसत होती. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही... गेट उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि मी सगळ्यांबरोबर रूळ ओलांडून दवाखान्यात पोचले. खिडकी उघडली, पाच-सहा केस पेपर लिहिले. पुढच्या पेपरवर पेशंटच्या नावाच्या जागी मी 'रमा' लिहिलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या हातातला पेन काढून घेतला.

रमाताई हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. माझे यजमान तिथंच शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. जवळा बाजार गावाकडची शेतकऱ्याची पोरगी, सायकलला कधी हात न लावलेली. आमची कॉलनी रुळाच्या पलीकडं, दवाखाना चार किलोमीटर. पहिला महिना मी चालत गेले. रमाताई आमच्याच गल्लीत राहायच्या, पण ओळख नव्हती. एका सकाळी त्या माझ्यापाशी सायकलवरून उतरल्या, माझ्या झिजलेल्या चपलांकडं पाहिलं आणि रविवारी मैदानावर ये म्हणाल्या. मी म्हटलं, नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत, लोक हसतील. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "हसू दे. आठ दिवस हसतील. तुला नोकरी सत्तावीस वर्षं करायची हाय."

तीन रविवार त्या माझ्या मागं कॅरिअर धरून पळाल्या. मी सारखी खाली चाकाकडं बघायचे आणि पडायचे. "चाकाकडं काय बघून राहिलीस? चाक कुठं जात न्हाई. समोर बघ," असं त्या म्हणायच्या. चौथ्या रविवारी मागून आवाज येईना म्हणून वळून पाहिलं, तर त्या लांब मैदानाच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वळून पाहिलं म्हणून मी पुन्हा पडलेच, पण त्या दिवसापासून चालवते आहे.

मग एकोणीस हिवाळे आम्ही बरोबर गेलो. दवाखान्यातल्या बाकीच्या बायकांनी एकेक करून स्कूटी घेतल्या. दिवाळीनंतर गारठा वाढला की त्या आम्हाला वेड्यात काढायच्या. हँडल धरून बोटं बधिर व्हायची, स्कार्फ श्वासानं ओला व्हायचा, नाकातून पाणी गळायचं. गेट लागलं की बाजूला कुणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवलेल्या असायच्या, तिथं आम्ही हात शेकायचो आणि बोलायचो. मिलिंदचा बाप लवकर गेलेला, त्याला ताईंनी एकटीनं शिकवलं. तो पुण्याला नोकरीला लागला आणि आईला स्कूटी घेऊन देतो म्हणून मागं लागला. ताई नको म्हणाल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभर लोकांचं दुखणं ऐकायचं, घरी गेलं की भिंती. मधली ही वीस मिनिटं तेवढी माझी हायेत. स्कूटीवर ती सात होतील."

यंदाच्या हिवाळ्यात त्यांची चेन उतरायला लागली. म्हणजे त्या तसं म्हणायच्या. गेटच्या अलीकडं छोटा चढ आहे. तिथं आलं की त्या उतरायच्या, "तू हो पुढं, चेन उतरली," म्हणायच्या आणि खाली वाकायच्या. मी वर जाऊन थांबायचे. हे रोजचंच झालं. स्कार्फ डोळ्यांखालपर्यंत बांधलेला, त्यामुळं चेहरा दिसायचा नाही. मी उलट रागवायचे, एवढ्या पेशंटांना औषधं वेळेवर देता आणि स्वतःची सायकल दाखवायला काय होतं? शेवटी त्या वॉर्डात असताना मीच ती सायकल दवाखान्यासमोरच्या दुकानात गफूरचाचांकडं नेली. त्यांनी पायडल फिरवलं, चेन बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "इसको क्या तकलीफ है? चेन तो नयी है बेटी, गये महिने मैंनेच डाली."

मी सायकल तशीच स्टँडला आणून लावली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि विचारलं. त्यांनी आधी चहा ठेवला. मग कपाटातून नांदेडच्या डॉक्टरांचे कागद काढून माझ्यासमोर ठेवले. हृदयाची झडप खराब झाली होती. त्यांना तीन महिन्यांपासून माहीत होतं. सुनेचे दिवस भरत आलेले, मिलिंद सगळं टाकून पळत येईल, लेकरू होऊ दे मग मीच सांगते, असं म्हणून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. आणि मी दिला. सिस्टरच त्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला नाही म्हणता आलं नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

बारा दिवस मी गप्प राहिले. तेराव्या सकाळी चढाच्या पायथ्याशी त्या रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. मी स्कार्फ सोडला तर ओठ निळे पडलेले. त्याच दुपारी मी मिलिंदला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि त्यांना नांदेडला घेऊन गेला. गाडीत बसताना ताईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही.

ऑपरेशनला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. किती उशीर, बारा दिवसांचा की तीन महिन्यांचा, हे मी कुणाला विचारलं नाही. मिलिंदनंही मला काही विचारलं नाही... विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. मी नांदेडला भेटायला गेले तेव्हा नात झाल्याची बातमी आलेली होती. फोनवर तिचं तोंड बघून ताई थकून पडल्या होत्या. त्यांनी माझा हात ओढला आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बराबर केलंस. आणि मी रागावले, तेबी बराबर." हे आमचं शेवटचं बोलणं. सहा दिवसांनी गेटपाशी तो फोन आला.

आता पाच आठवडे झाले. थंडी ओसरली आहे, सकाळी हळद शिजवल्याचा वास येतो. परवा दवाखान्याच्या ऑफिसातले एक साहेब मोटारसायकल हळू करून माझ्या बाजूनं चालले आणि म्हणाले, "काहून एवढ्या कडेनं चालवता, बाई? मातीत घसराल की. रस्ता तर मोकळा हाय." मी नुसती मान हलवली. ट्रकांच्या बाजूनं नेहमी ताई असायच्या आणि मी आतल्या बाजूला, हे त्यांना कसं सांगणार? ते पुढं निघून गेल्यावर मी हँडल वळवून रस्त्यावर सरकून पाहिलं. दहा-बारा पायडल मारले असतील. मग माझी मीच पुन्हा कडेला आले.