डॉक्टरला मंगळ होता

आमच्या ह्यांच्या जांघेत गाठ आली आहे, हे मला सोडून सगळ्या बोनकोडे गावाला माहीत होतं. न्हाव्याला माहीत, मिठागराच्या मुकादमाला माहीत, पारावर विड्या फुंकणाऱ्या म्हाताऱ्यांना तर रोजची बित्तंबातमी. बायकोला सांगायचं नाही, कारण जागा लाजेची. अहो, त्या जागेची लाज माझ्यापासून कसली? पण ते दिवसच तसे होते. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती आणि आमच्या घरात बायकांनी तोंड उघडायचं ते जेवायला.

हे मिठागरावर मिठाच्या टोपल्या उचलून होडीत भरायचे. उचलताना आतडं खाली उतरलं. सासरे त्यांना ठाण्याच्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं, हर्निया आहे, ऑपरेशन करून टाका. आतडं अडकलं तर जीव जाईल. हे मला कसं कळलं? मी दाराआड सूप घेऊन तांदूळ पाखडत होते आणि कान बाहेर ओट्यावर होते, असं कळलं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली असतील. नवरा माझा तसा बिनकामाचा विनोद करणारा, पण माझ्यावर जीव टाकणारा. मला तो हवा होता.

ओट्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे चुलतसासरे, मांडीवर थाप मारून म्हणाले, "चौकशी केल्याबिगर आपन बैल पन घेत नाय. पोराला सुरी लावू द्यायची म्हंजे काय खेल हाय?"

झालं. चौकशी सुरू झाली.

आधी ज्यांना ज्यांना कापलं होतं त्यांना बोलावलं. एकाचं मुंबईत पोट कापलं होतं. तो सदरा वर करून वण दाखवायचा आणि त्याबद्दल चहा घ्यायचा. दर खेपेला ऑपरेशन मोठं होत गेलं. पहिल्या दिवशी डॉक्टर एक होता, आठवड्यानं चार झाले आणि त्यातला एक गोरा. दुसऱ्याचं कापलंच नव्हतं, गळू फुटलं होतं, पण मत त्याचंच सगळ्यात ठाम. तो म्हणाला, शुद्ध हरपायचं औषध हुंगवलं की मानूस बायकोचं नाव विसरतो. आमचे हे म्हणाले, "मंग चांगलंच हाय की." सगळे हसले. मी आतून पितळी आपटली.

मग चुलतसासरे म्हणाले, रोगाची चौकशी झाली, आता डॉक्टरची करू. आता हे कळायला हवं, की चुलतसासऱ्यांनी आयुष्यात एकाच प्रकारची चौकशी केली होती. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली. पोरगा कसा आहे, पितो का, कुणाचा कोण, घरात भांडणं किती, हे ते असं काही काढून आणायचे की पोराच्या आईलाही नवीन वाटावं. डॉक्टर निघाला आमच्याच समाजातला, नावड्याचा. घर तिकडंच. मग काय, दोघा भावांनी ठेवणीतली धोतरं काढली, टोप्या घातल्या आणि डोंगर ओलांडून नावडे गाठलं.

तिथं त्यांनी रीतीप्रमाणे आधी विहिरीवर विचारलं, मग दुकानात, मग शेजारी. पोरगा दारू पितो का? हात चालवतो का? तापट हाय का? रात्री घरी येतो का? ते विचारत विचारत घराशी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ओट्यावर सतरंजी, तांब्याभांडं, आत शिऱ्याचा खमंग वास. डॉक्टरच्या आईनं नवं लुगडं नेसलेलं.

आमचे दोघे खूश. सासरे नंतर सांगायचे, "काय मानसं! पेशंटचा किती तो मान!"

माउलीनं पोराची बक्षिसं दाखवली. चुलतसासऱ्यांनी विचारलं, हात थरथरत नाय ना? ती म्हणाली, छे, लहानपणी काठोकाठ भरलेला तांब्या आणायचा, थेंब सांडायचा नाही. दोघांनी माना डोलावल्या. शिऱ्याची दुसरी बशी आली. आणि तेव्हा तिनं विचारलं, "आता मुलीचं सांगा. कितवी शिकलीय? रंगानं कशी हाय?"

सासऱ्यांचा घास घशात अडकला. त्यांनी तोंड उघडलं, पण चुलतसासऱ्यांनी गुडघा दाबला. तिच्या साजूक तुपातला शिरा खाऊन आता तिला कसं सांगणार, की मुलीला मिशा आहेत आणि जांघेत गाठ आहे? मग चुलतसासऱ्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं म्हणाले, "पत्रिका द्या. बगून कलवतो."

आणि डॉक्टरची पत्रिका घेऊन घरी आले!

मी कपाळावर हात मारून घेतला. पण गंमत पुढंच आहे. पत्रिका आलीच आहे तर दाखवायला काय जातं, म्हणून दोघे शेजारच्या गावातल्या भटजींकडे गेले. ह्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास सांगितली, पण ती कुणाची ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "जोडी जमते काय बगा." भटजींनी बोटं मोजली, डोळे मिटले, उघडले. गुण उत्तम जमतात म्हणाले. पण मुलाला कडक मंगळ आहे. मुलीच्या जिवाला धोका.

सासरे पांढरेफटक पडून घरी आले. आणि आमचे हे? ह्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. आतून भित्रा माणूस, नको म्हणायला कारणच शोधत होता. "डॉक्टरला मंगल हाय," ते गावभर सांगत सुटले. "मी कसा जानार? मंग कायतरी वाईटवंगाल झालं तर?" लोकही गंभीर चेहऱ्यानं माना हलवत. मी एकदा चुलीपाशी त्यांना गाठून म्हटलं, "अवो, तुमाला त्याच्याशी लगीन लावायचं हाय काय?" तर म्हणाले, "तुला नाय कलायचं."

नाही कळायचं! मला नाही कळायचं! रात्री कूस बदलताना कण्हायचे ते कोण ऐकत होतं, भटजी?

भात कापणीच्या दिवसांत एका सकाळी ती गाठ दगडासारखी झाली आणि आत जाईना. हे घामानं भिजले, ओकले, पुन्हा ओकले. ओट्यावर सगळा गाव जमला. माणूस आत तळमळतोय आणि बाहेर मंगळाचा विचार चाललेला. कुणी म्हणालं दुसरा डॉक्टर शोधा. चुलतसासरे म्हणाले, थांबा, तोड हाय. मंगळाच्या पोरीचं आधी मडक्याशी लगीन लावतात. तसं डॉक्टरचं मडक्याशी लावू, मंगल उतरंल, मग खुशाल कापू दे. आणि लोक खरंच विचार करायला लागले, की मडकं आपण न्यायचं की इस्पितळ देईल!

मला काय झालं कोण जाणे. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो तसाच ठेवून मी बाहेर ओट्यावर गेले. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी उभीसुद्धा राहिले नव्हते.

"घाला तो मंगल खारीच्या पान्यात!" मी ओरडले. "आनि ते मडकं फोरा त्याच्याच टालक्यात! मना माजा नवरा जिता पायजे! गारी जुंपा!"

सासूबाईंच्या हातातला तांब्या तिरका झाला, पाणी सांडत राहिलं. मग आतून ह्यांचा बारीक आवाज आला, "बाबा, जुंपा गारी. ही मना आता तशीबी मारनारच."

गाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ठाण्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला देवाला आणि सासऱ्यांना आळीपाळीनं बोल लावला. दोघांपैकी कुणी उलट उत्तर दिलं नाही.

डॉक्टर धावतच आला. पोट दाबलं, चेहरा उतरला. मग आईनं सांगितलेली धोतर-टोपीची जोडी बघून थबकला. "तुमीच आमच्या घरी आलेले ना, मुलीकडचे?" चुलतसासऱ्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं आणि पुटपुटले, "मुलगी हीच." डॉक्टरला कळायला एक क्षण लागला. हसू आलं त्याला, पण त्यानं ते गिळलं. "आता उशीर झालाय," तो म्हणाला. "मी सांगितलं तेव्हाच आणायला पायजे होतं. कायपन होऊ शकतं. विचारायचं असेल ते आताच विचारा."

इतके दिवस चौकशी करणाऱ्यांना एक प्रश्न सुचला नाही. मी विचारलं, "तुमचा सख्खा भाऊ असता तर काय केलं असतं?"

तो माझ्याकडे वळला. "कापलं असतं, वहिनी. ह्याच घडीला."

मग ह्यांच्यावर वाकून म्हणाला, "काय, करू ना ऑपरेशन?"

वेदनेनं ह्यांचे ओठ काळे पडले होते. सासऱ्यांकडे बघितलं नाही, चुलतसासऱ्यांकडे बघितलं नाही. माझ्याकडे हात केला. "मना नको विचारू. तिला विचार."

त्या घरात आल्यापासून मला कुणी काही विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा. आणि सकाळी गाव डोक्यावर घेणाऱ्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. चूक झाली तर? उद्या सगळे म्हणतील, हिनंच पाठवला. मी होकारार्थी मान हलवली. नुसती मान. डॉक्टर त्यांना आत घेऊन गेला.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, बसायचं भान नव्हतं. दार उघडलं. सासरे आणि चुलतसासरे हात जोडून पुढे झाले. डॉक्टर त्या दोघांच्या मधून निघून सरळ माझ्यासमोर आला.

"वहिनी, वाचला तुमचा नवरा."

मी तिथंच फरशीवर फतकल मारली आणि गळा काढून रडायला लागले. इस्पितळभर माणसं बघायला गोळा झाली. सासरे घाबरले, माझ्यापाशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "अगो बाय, जिता हाय तो. मंग रडतेस कशाला?"

"रडू द्या मना, मामा," मी म्हटलं. "आता रडू द्या."