पितृपक्षात रिकामी केलेली टाकी

१९३४ साली, घटस्थापनेच्या चार दिवस आधी, सोलापुरात नानासाहेब वकिलांच्या बंगल्यातील पोहण्याच्या टाकीचा तळ फुगून वर आला. ही गोष्ट सकाळी सातच्या सुमाराची. टाकी बांधून पाच महिने झाले होते. ती मी बांधली होती.

साडेसातला नानासाहेबांचा टांगा माझ्या दारात आला. टांगेवाल्याच्या हातात चिठ्ठी होती. "ताबडतोब यावे. तळ हलत आहे." मी पायात वहाणा घातल्या आणि निघालो.

मी पाटबंधारे खात्यात एकवीस वर्षे ओव्हरसिअर होतो. कालवे, मोऱ्या, बंधारे बांधले. नोकरी सोडल्यावर खाजगी कामे घेऊ लागलो. पोहण्याची टाकी मात्र ही एकच. लांबी तीस फूट, रुंदी बारा. एका टोकाला तळ जमिनीपासून साडेचार फूट खाली, दुसऱ्या टोकाला सहा फूट. भिंती चुन्यातल्या दगडी. तळाला आठ इंच चुन्याचे काँक्रीट, त्यावर शहाबादी फरशी.

टाकी हौसेसाठी बांधलेली नव्हती. नानासाहेबांची मुलगी कुसुम तेवीस वर्षांची होती. लहानपणी आलेल्या तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. जमिनीवर ती कुबड्यांवर चाले, तीही जेमतेम खोलीभर. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, छातीइतक्या पाण्यात शरीराचा भार कमी होतो, तिथे रोज चालवा. ज्येष्ठात ती टाकीवर ताणलेला दोर धरून दोन येरझारा घालत होती. भाद्रपदात दोर सोडून अकरा.

मी पोचलो तेव्हा टाकी कोरडी होती. खोल टोकाकडच्या फरशा मधोमध चार बोटे वर आल्या होत्या. सांध्यांतून गढूळ पाणी पाझरत होते. मी काठावर उभा असतानाच एक फरशी कट्ट वाजून तडकली.

"टाकी रिकामी कोणी केली?" मी विचारले.

नानासाहेबांनी घराकडे पाहिले. नानासाहेबांच्या पत्नी, माई, ओसरीवरून खाली आल्या.

"मी करवली. घट बसायचे आहेत. गोधड्यांपासून पाटावरवंट्यापर्यंत घर धुऊन निघतं, आणि अंगणात पावसाळ्याचं हिरवं पाणी ठेवू होय? विहिरीवरचं इंजिन लावलं, दोन दिवसांत उपसून झालं. काय चुकलं?"

त्यांचे काही चुकले नव्हते. पावसाळ्यात टाकी रिकामी करायची नाही, हे मी वैशाखातच सांगितले होते. पण नानासाहेबांना, त्यांच्या ऑफिसात, ड्रॉइंग दाखवताना, इंग्रजीतून. त्यांनी मान हलवली आणि कागद कपाटात ठेवला. घराची साफसफाई कधी आणि कशाची, हे ज्या ठरवत, त्यांच्याशी मी पाच महिन्यांत एक शब्द बोललो नव्हतो.

कारण समजायला सोपे आहे. सोलापूरचा खरा पाऊस पडतो तो भाद्रपदात. वर काळी माती, खाली मुरूम. मुरमात पाणी साठत जाते. टाकीशेजारच्या विहिरीत वैशाखात पाणी तीस फुटांवर होते. त्या सकाळी ते जमिनीपासून तीन फुटांवर होते. म्हणजे टाकीचा खोल तळ बाहेरच्या पाण्यात तीन फूट बुडालेला. एवढे पाणी तळाच्या प्रत्येक चौरस फुटाला खालून सव्वादोन मण जोराने ढकलते. तळाचे स्वतःचे वजन मणाच्या थोडे वर. टाकी भरलेली असते तेव्हा आतले पाणी तळाला दाबून धरते. पाणी काढले की तळ होडीसारखा वर यायला बघतो.

मी भिंतीवर फुगवट्याच्या उंचीची खडूची रेघ मारली आणि घड्याळ पाहिले. आठ वाजून दहा मिनिटे. साडेआठला फुगवटा रेघेच्या अर्धा बोट वर होता.

"भिंतीला धोका आहे?" नानासाहेब म्हणाले.

"तळ आणखी चढला तर भिंतीचा पाया उचलेल. मग भिंत आत येईल."

"मग एकदाची बुजवून टाका. माती भरा. मी हे दुसऱ्यांदा बांधणार नाही, कुलकर्णी."

कुसुम ओसरीवर खुर्चीत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "बुजवायची तर मला विचारून बुजवा, नाना. पाय माझे आहेत."



तोवर यल्लप्पा वडार आला. टाकीचा खड्डा त्याच्याच माणसांनी खणला होता. त्याने आधी विहिरीत डोकावून पाहिले, मग टाकीत.

"आरं तिच्या! हिर उपसायची ती चैतात की. भादव्यात कोन उपसतंय?"

"ही विहीर नाही, यल्लप्पा," नानासाहेब म्हणाले.

"पान्याला कुटं ठावं हाय, मालक, ही हिर न्हाय म्हनून?"

मी म्हणालो, "तळाला भोक पाडायचे. सगळ्यात खोल जागी, वीतभर."

"फुटलेलं आणखी फोडायचं?" नानासाहेबांचा आवाज चढला.

"खालचे पाणी आत येऊ द्यायचे. आत आणि बाहेर पाणी एका पातळीला आले की ढकलणारे काही उरत नाही."

"आणि वरून पाणी सोडलं तर? इंजिन आहे."

"इंजिनला भरायला दोन दिवस लागतील. तळ तेवढा थांबणार नाही."

नानासाहेब कोर्टात प्रसिद्ध होते ते मुदत मागण्यासाठी. इथेही त्यांनी ती मागितली. "पितृपक्ष चालू आहे. अशा दिवसांत कोणी कुदळ मारतं का? चार दिवसांनी घट बसले की बघू."

उत्तर माईंनी दिले. "पितृपक्षात नवं काम काढत नाहीत. हे जुनं आहे आणि मोडलेलं आहे. दुरुस्तीला पितरांची हरकत नसते. यल्लप्पा, उतर खाली."

"व्हय, माईसाब. पर पानी लई जोरानं उसळंल. समद्यांनी मागं सरा."

नऊ वाजता यल्लप्पाने पहार मारायला सुरुवात केली. फरशी लगेच फुटली. काँक्रीट मी स्वतः उभा राहून घोटून घेतले होते. ते फुटायला पाऊण तास लागला. शेवटच्या घावाला पहार हातभर आत गेली आणि पाणी त्याच्या छातीपर्यंत उसळले. यल्लप्पा शिव्या देत शिडीकडे पळाला. ओसरीवरून कुसुम हसली.

"हस, हस," यल्लप्पा वर येत म्हणाला, "ह्या वयात आंगुळ घातलीस की मला!"

मी रेघेवर डोळा ठेवला. दहा वाजता फुगवटा थांबलेला होता. बाराला तो रेघेला टेकला. चार वाजता तळ जवळजवळ जागेवर बसला होता. एके ठिकाणी मात्र इंचभर उंचवटा राहिला. खाली मुरूम सरकला असावा. खोल टोकाला आता अडीच फूट पाणी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन फूट झाले आणि तिथेच थांबले. विहिरीतही पातळी तीच होती.

मुरमातून गाळून आलेले ते पाणी दोन दिवसांत निवळले. नानासाहेबांनी टाकी बुजवण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. भोकावर यल्लप्पाने जाळी बसवली. उंचवट्यावर काथ्याची चटई घालून कडेने दगड ठेवले. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी कुसुम दोर धरून पाण्यात उतरली. पाणी कमरेपर्यंतच होते. त्या दिवशी तिच्या चार येरझारा झाल्या, त्याही अर्ध्या टाकीत.

फाल्गुनात विहिरीचे पाणी खाली गेल्यावर टाकी कोरडी केली आणि खोल बाजूचा तळ काढला. खाली वीतभर खडीचा थर दिला. भोकाच्या जागी लोखंडी पाइप बसवून त्याला पितळी झाकण केले. टाकी रिकामी असताना झाकण उघडे ठेवायचे, म्हणजे पाणी तळाला ढकलण्याऐवजी आत येते. या कामाची मजुरी मी घेतली नाही. नानासाहेबांनी देऊ केली होती.

झाकणाचा उपयोग मी माईंना मराठीतून, टाकीत उतरून दाखवला. त्यांनी ते दोनदा स्वतः उघडून लावून पाहिले. इंजिनाच्या खोलीच्या भिंतीवर यल्लप्पाच्या गवंड्याकडून सिमेंटमध्ये अक्षरे कोरून घेतली : "आषाढ ते कार्तिक टाकी उपसू नये." मजकूर माईंनी सांगितला. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.

पुढच्या वर्षी पितृपक्षात मी बंगल्यावर गेलो. सोलापुरात आठ दिवस पाऊस झाला होता. विहिरीचे पाणी जमिनीपासून दोन फुटांवर होते. आवारात दोऱ्यांवर गोधड्या वाळत होत्या. टाकी भरलेली होती. पाणी हिरवे होते. कुसुम त्यात दोर न धरता चालत होती, आणि माई काठावर बसून येरझारा मोजत होत्या. मी निघालो तेव्हा चौदावी चालू होती.