पूजेतला हजेरीपट

चतुराबाईंनी जामबागेतल्या एका छापखान्यात एकतीस वर्षे कागदाच्या घड्या घातल्या. देगलूरकडच्या कुठल्याशा खेड्यातून लग्न होऊन त्या हैदराबादेत आल्या. नवरा त्याच छापखान्यात छपाईचे खिळे जुळवीत असे. तो गेल्यावर मालकांनी मागची पत्र्याची खोली राहायला दिली आणि त्या खोलीच्या उपकाराखाली पुढचे आयुष्य सरले. मूलबाळ नव्हते. लिहून ठेवावे असे काही त्यांच्या हातून घडले, तर ते एकदाच. आणि ते माझ्यासाठी घडले.

मी मराठीचा एम.ए. मुद्रिते तपासण्यासाठी तिथे लागलो, मराठी काम आटत गेले तसा हजेरीपट लिहू लागलो आणि अखेरीस कटिंग मशीनवर उभा राहिलो. मालक विकासराव याला बढती म्हणत. चतुराबाई मला मास्तर म्हणत आणि माझ्या बोलण्याची टर उडवीत.

"मास्तर, तुमी चहाबी पुस्तकातल्यासारखा मागता. 'कृपया' म्हंजे काय हो, जास्ती साखर?"

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांना झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होई. यंत्रांबरोबर वह्या आणि हजेरीपटही पाटावर मांडले जात. एकदा हळदकुंकू वाहिले की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. म्हणून खंडेनवमीचा रकाना मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवीत असे. तीन वर्षांपूर्वीही तसाच भरला: सर्वांच्या नावापुढे, माझ्याही, 'सुटी'.

पूजा आटोपून सगळे घरी गेले. दुपारी विकासरावांचा फोन आला. दिलसुखनगरच्या एका क्लासला दसऱ्याला पुस्तिका हव्या होत्या. ताव छापून तयार होते, फक्त कापायचे होते. तासाभराचे काम. मी बरकतपुऱ्याच्या घरून गेलो. तास भरण्यापूर्वीच पाते खाली आले आणि माझ्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. चतुराबाईंनी पदर फाडून हात बांधला आणि मला रिक्षात घातले.

विमा कंपनीने भरपाईचा दावा फेटाळला. त्या दिवशी छापखाना बंद होता; पुरावा हजेरीपट. अक्षर माझेच, आणि इतके सुवाच्य की शंकेला जागा नव्हती. विकासरावांनी लिहून दिले की पूजेच्या दिवशी मशीन लावायला आपण सांगणे शक्यच नाही. फोन म्हणे सणाच्या शुभेच्छांसाठी केला होता. मी कामगार आयुक्तांकडे दाद मागितली. आता सगळे चतुराबाईंच्या साक्षीवर येऊन ठेपले होते, आणि दोन वर्षांत त्या एकदाही मला भेटायला आल्या नव्हत्या.

शेवटी मीच त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले नाही.

"नक्को, मास्तर. मला त्यातलं काय विचारू नका."

"खोली जाईल म्हणून भिता का?"

"हौ. तसंच समजा."

मी तसेच समजलो. घरी आल्यावर बोलायला कोणी नव्हते. मुलगी पल्लवी पुण्यात असते. फोनवर ती म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना आता." सोडून देण्याचा सल्ला धडधाकट बोटांच्या माणसांना सहज सुचतो.

तरीही मी साक्षीदार म्हणून त्यांना समन्स काढवले. त्या येणार नाहीत अशी खात्री होती. त्या आल्या, एकट्याच, सिटी बसने. आयुक्तांच्या कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी तेलुगूत विचारले, त्या दिवशी मशीन चालली होती का?

"चालली. पण माळ म्या काढली," त्या मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणाल्या.

"माळेचं विचारलं नाही, अम्मा."

"मला तेच सांगायचंय. मालकाचा फोन मलाबी आलता. मास्तर येतेत, मशीनची माळ काढून ठेव म्हने. पूजेची माळ दसऱ्याच्या आदी काढत नसतेत. म्या काढली. बोटं ह्यांची गेली, पाप माझं हाय."

विकासरावांचे वकील हसले. "मॅडम, हा काय पुरावा झाला?"

अधिकारी बाई हसल्या नाहीत. "मालकांनी सांगितलं म्हणून काढली?"

"मग! न्हाईतर म्या कशाला हात लावीन देवाच्या माळेला?"

"हे लिहून घ्या," बाई लेखनिकाला म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी चतुराबाईंना समजावू लागलो. पात्यापुढची जाळी विकासरावांनी काम भरभर व्हावे म्हणून केव्हाच काढून ठेवली होती. माळेचा काहीएक संबंध नव्हता.

"तुमी शिकलेले. तुमाला तसंच वाटनार." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हाताकडे पाहिले. "लिवता येतं का?"

"डाव्या हाताने."

"अक्षर?"

"फार वाईट."

"बरं झालं की. चांगल्या अक्षरानंच तर घात केला." त्या हसल्या आणि बस आली म्हणून रस्ता ओलांडून गेल्या.

निकाल लागायला चार महिने लागले. तो माझ्या बाजूने लागला. पल्लवीला फोन केला, ती मीटिंगमध्ये होती. मी निकालाची प्रत घेऊन जामबागेत गेलो. मालकाचा दोष त्यात सहा ओळींत मांडला होता; चतुराबाईंचा दोष कुठेही नव्हता. ते पान मला त्यांना वाचून दाखवायचे होते.

चतुराबाईंच्या खोलीत कागदाची रिमे रचलेली होती. साक्षीनंतर आठ दिवसांतच विकासरावांनी त्यांना जागा सोडायला लावली होती. देगलूरकडे भाच्याकडे गेल्या, एवढेच बाइंडिंगवाले अंबाजी सांगू शकले. गाव कोणते, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मी अंबाजींना विनवणी करून जुना हजेरीपट पाहायला मागितला. त्यात प्रत्येक नावापुढे मूळ गावाचा रकाना होता. चतुराबाईंच्या नावापुढचा तो रकाना मी कधी भरलाच नव्हता.