पत्र्याखालचं हिरवं पाणी

माझी मावशी कुंडलला दिलेली. तिचा थोरला मुलगा, म्हणजे माझा दादा, सैन्यात होता. तो तिकडं असतानाच त्याची बायको मळ्यातल्या विहिरीत पडलेली बादली काढायला पायऱ्या उतरली आणि शेवाळावरून घसरली. दादा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. पुढं विहीर उपसली, भटजी बोलावून शांत केली, वर पत्रे टाकले, मोटार बंद केली.

दादा नोकरी सोडून आला. दिवसभर मळ्यात राबायचा. ऊन कललं की पत्र्याच्या फटीतून विहिरीत भात, भाकरी आणि एक उकडलेलं अंडं सोडायचा. वहिनीला अंडी लय आवडायची, पण सासऱ्यांच्या गळ्यात माळ, त्यामुळं घरात चालत नसत. म्हणून दादा मळ्यातच तीन दगडांवर उकडायचा. स्वतः मात्र धड जेवत नव्हता. सणसणीत जवान, पण सदरा खुंटीला अडकवल्यागत अंगावर लोंबायला लागला होता.

मी तेव्हा सांगलीला जंतूंच्या शास्त्रात एमएस्सी करत होते. सुट्टीला गेले तर मावशीनं मला गोठ्यामागं ओढलं.

"पानी हिरवं झालंय. सादं शेवाळ न्हाई, घट्ट हाय. ह्यो म्हनतो, ती हाय आत. आगं, एखाद्या दिशी ह्यो बी जाईल तिच्यामागं. तू जंतूंचं शिकतीस न्हवं? सांग की त्याला, आत कोन न्हाई म्हनून."

भुताखेताचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. "चल, बघतेच तुमचं भूत," म्हणून मी तरातरा निघाले.

मळ्यात दादानं पत्रा जरा सरकवला. खाली कैरीच्या सालीसारखं गर्द पाणी होतं. त्यात आभाळ दिसत नव्हतं, माझं तोंडही दिसत नव्हतं. नासक्या अंड्यांचा वास नाकात भरला. दादानं अंडं सोडलं. ते बुडालं, आणि थोड्या वेळानं बरोब्बर तिथून बुडबुडे वर आले, एकामागून एक, सावकाश.

"बघ," दादा म्हणाला. "पोचलं."

ऊन अंगावर असताना मला थंडी वाजली, आणि त्याचाच मला राग आला. बाटलीला दगड बांधून मी पाणी काढलं, काठोकाठ भरून बूच लावलं, आणि दादाला म्हटलं, चल माझ्याबरोबर सांगलीला. एसटीत सगळा रस्ता त्यानं ती बाटली मांडीवर धरली होती.

प्रयोगशाळेत त्याला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. "हे जंतू. ह्यांना हवा नको, ऊन नको. फटीतून येतो तेवढा उजेड पुरतो. उजेड कमी पडला तर हे तो धरायला अंगात आणखी हिरवा रंग भरतात. तुझं ताट आत कुजतं, त्यातून तो घाण वायू निघतो, त्यावर हे पोसतात. समजलं?"

तो भिंगावरून डोळा काढीना. मग मी इरेला पेटले. म्हटलं, जीवच काढून दाखवते, म्हणजे शंका नको. जंतू गाळून घेतले, मिथेनॉलमध्ये घोटले, गाळ फेकून दिला. खाली निळसर हिरवं, काचेसारखं स्वच्छ द्रावण उरलं. "ह्यात आता जीव नाही. नुसता रंग आहे." त्यातले थेंब मी साध्या पाण्यात सोडले आणि काचेची नळी रंग मोजायच्या यंत्रात ठेवली.

पाण्यात पडल्यावर निळसरपणा गेला. रंग पुन्हा विहिरीतल्यासारखा गढूळ हिरवा झाला. यंत्रातला आकडाही सरकला आणि जिवंत जंतूंच्या आकड्याजवळ येऊन थांबला. इतर जिवांत रंगाच्या कणांना जागेवर बसवायला प्रथिनं लागतात, ह्यांना कोणी लागत नाही. मोकळे सोडले तरी एकमेकांना धरून रांगेनं बसतात, पेशीत बसत होते तसेच. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण दादा शेजारी उभा असताना बघितलं आणि हातावर काटा आला.

"कुटं बसायचं, ते कोन सांगतं त्यांला?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. आपापले बसतात."

"मेल्यावर बी?"

"अरे, तो रंग आहे दादा. रंगाला कसलं मरण?"

तो नळीकडं बघत राहिला. "म्हंजे घर ठावं हाय त्यांला."

आता खरंच भ्यायले होते मी, म्हणून वसकन बोलले. "ताट बंद कर. पत्रे काढ, मोटार लाव. ऊन-वारा लागला की काही उरणार नाही. मग तरी पटेल ना?"

"बरं," तो म्हणाला. साहेबानं हुकूम दिल्यावर म्हणतात तसं.

आणि त्यानं खरंच केलं तसं. उन्हाळ्यात गेले तेव्हा विहीर उघडी होती, मोटार चालू होती, आणि पाण्यात आभाळ दिसत होतं. दादा पंक्तीला बसून भाकरी कुस्करून जेवला. मावशीनं पदरानं डोळे पुसले, माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी अगदी फुशारून गेले.

निघताना तो फाट्यापर्यंत सोडायला आला.

"पटलं ना आता?"

"व्हय. हिरीत कोन न्हाई." तो रस्त्यावर वाकून एसटी दिसते का बघू लागला. "तू बाटलीत न्हेलं हुतंस, ते हाय का अजून?"

खोटं बोलायला हवं होतं, पण ते सुचेपर्यंत "आहे" म्हणून गेले. बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीत, खाकी कागदाआड होती आणि आतलं हिरवं झकास वाढत होतं.

एसटी आली. दादानं खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. अंडं होतं, उकडलेलं, अजून गरम.

"तिला घाल," तो म्हणाला. "लय दिस उपाशी हाय."