कसणाऱ्याचं नाव

माझं अर्धं डोकं माझ्या बापानं भादरलं. मेंढरं कातरायच्या कातरीनं. देशमुखाच्या खळ्यावर, भर दुपारी, सगळं गाव बघायलतं.

मी तवा नांदेडला बी.ए.ला होतो. विषय अर्थशास्त्र. राणीसावरगावाकडच्या आमच्या गावात कॉलेजात गेलेलं धनगराचं पोरगं मीच पहिलं. सुट्टीला निघताना प्राध्यापकांनी छापील तक्ते दिले. जमीन कुणाच्या नावावर हाय अन् खरी कसतं कोण, ते घरोघर विचारून लिहून आणा म्हणले. काम चोख झालं तर सरकारच्या पाहणीत नोकरी लागंल, असंबी म्हणले. मी हवेतच होतो.

निजाम गेला होता, कुळकायदा आला होता; कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क मिळायलता. देशमुखाला कागदाचं लय भ्या. कुळाचं नाव कुठंच लिहिलेलं त्याला नको होतं. त्यानं मला खळ्यावर बोलावलं, समद्या तक्त्यांवर 'मालक स्वतः कसतो' असं लिही म्हणला. मी न्हाई म्हणलो. त्याच्या गड्यांनी मला पाडलं, बरगडीत लाथा घातल्या. मग त्यानं माझ्या बाला बोलावलं. आमची मेंढरं त्याच्याच रानात बसायची. त्या खताच्या बदल्यात तो ज्वारी द्यायचा, त्यावर आमची चूल पेटायची.

"ह्याची लोकर लय वाढलीय," देशमुख म्हणला. "कातर."

बानं कातर उचलली. कातर कानाला लागली, रगत मानेवर उतरलं. बा एवढंच म्हणला, "हलू नको, लागंल." लोक हसायलते. ज्यांची नावं मी लिहिणार होतो, तेच. मला त्यांचा राग आला, बाचा तर लयच आला. अर्धं डोकं झालं अन् मी कातर हिसकली, देशमुखाच्या नरड्याला लावली. टोक कातडीत रुतलं. खरं सांगतो, मला दाबायचीच होती. गडी जागच्या जागी थिजले.

मी लोकांना विचारलं, "ह्याची जमीन कोण कसतं?"

मग कोंडाबाई पुढं आली. नवरा मेल्यापासून देशमुखाच्या रानात तिनंच नांगर धरला होता. "माझं नाव लिही," म्हणली, "मग बाकीच्यांचीबी सांगते."

बानं माझ्या हातातली कातर काढून घेतली. मला वाटलं, खाली टाकील. त्यानं ती तशीच देशमुखाच्या नरड्याशी धरली.

"लिही," बा म्हणला.

मी लिहिलं. कागदाला रगत लागलं, लागू दिलं. नावं संपली तवा बानं कातर खाली घेतली. दिवस मावळायच्या आत देशमुखाच्या माणसांनी आमची मेंढरं कुऱ्हाडीनं तोडली, बाचा उजवा हात मोडला. आमी पालमकडं निघून गेलो.

कॉलेजात मी तसाच गेलो, अर्ध्या डोक्यानं. टोपी घातली न्हाई. तक्ते प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवले. बरोबरची पोरं बँकेत, कचेरीत खुर्ची शोधायलती. मी पाहणीचीच नोकरी धरली. आता कुठल्याबी गावात जातो तवा मालकाच्या दारात थांबत न्हाई, सरळ बांधावर जातो. कुणी हात उगारला तर तो मोडीन, अन् पुढचं नाव विचारीन.