दुखवट्याच्या साड्यांचा झगा

माझे मिस्टर गेले तेव्हा दुखवट्याला आलेल्या साड्या मी पेटीत ठेवून दिल्या होत्या. आमच्याकडे माणूस गेलं की सोयरे येऊन घरच्या बायकांना साडी नेसवतात. मला माहेरहून गडद हिरवी आली, सासूबाईंना त्यांच्या भावाने काळपट जांभळी आणली. दोन्ही गुळगुळीत, सिंथेटिक. त्या दिवसापुरत्या अंगावर घेतल्या. नंतर कोणी नेसलं नाही आणि कोणाला देताही येईना.

मुलगी तेव्हा चौथीत होती. वडील गेल्यापासून ती घरी कामापुरतं बोलायची, शाळेत तेवढंही नाही. तिच्या बाई फार चांगल्या. गॅदरिंगच्या नाटकात त्यांनी तिला जंगलातल्या चेटकिणीचं काम देऊन पाहिलं. एकच वाक्य होतं. तिने बाईंना विचारलं, "माझं तोंड दिसणार नाही ना?"

बाईंनी मला बोलावून घेतलं. "झगा असा करा की टोपी नाकापर्यंत आली पाहिजे. ती हो म्हणाली आहे, ताई. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा."

नांदेडला ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानात राजे होते, पोलीस होते, पोपट आणि वांगं होतं. चेटकीण नव्हती. म्हणून मी शिवायला बसले.

मी बी.ए. झालेली, आमच्या घराण्यात पहिली. शिकलेल्या माणसाला वाचून काहीही करता येतं, असं माझे वडील कंधारच्या बाजारात सगळ्यांना सांगायचे. शिवणातलं मला परकराला नेफा घालता येत होता, एवढंच. मोबाइलवर एक बाई कापडाचा अर्धा गोल कापून झगा करून दाखवत होती. मी हिरवी साडी जमिनीवर पसरली आणि कात्री घेतली.

"काय करायलीस?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"हिच्या नाटकाचा झगा."

"दुखवट्याच्या कापडाला वरीस व्हायच्या आत कात्री लावत न्हाईत."

"का पण?"

"न्हाई लावत. हाय तसं शिव."

वाद घालायला माणसात जे लागतं, ते माझ्यात तेव्हा नव्हतं. मी कात्री ठेवून दिली. न कापता काय करता येईल याचा विचार केला, तर परकरच आठवला. साडीचा पन्हा म्हणजे झग्याची उंची. साडी मधे दुमडून दुपदरी करायची, वरून नेफा घालायचा, नाडी ओढून गळ्याशी बांधायची. टोपीसाठी नेफा काठापासून हातभर खाली घेतला. वरचा भाग डोक्यावर ओढला की झाली टोपी.

मशीन शेजारच्या भाभींचं. ते कापड सुईखालून सापासारखं निसटायचं. मी ओढायची, दोरा तुटायचा, बॉबिनमध्ये गुंता व्हायचा.

"ओढू नको ना, बेटा," भाभी म्हणायच्या. "मशीन खुद लेती उसको. तू फक्त हात ठेव."

मी हात ठेवून बसायची. ते बरं होतं. चाकाचा आवाज चालू असायचा आणि डोक्यात काही नसायचं. शिवण वाकडी जायची, ती उसवायची, पुन्हा घालायची. रडू येईल असं वाटायचं, तेही यायचं नाही.

झगा झाला. मुलीला घालून आरशासमोर उभं केलं. टोपी नाकापर्यंत आली, बाईंनी सांगितल्यासारखी. पण टोपीला दिलेलं कापड झग्याच्या उंचीतून गेलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. झगा गुडघ्यावर संपत होता.

"चेटकिणीचे मोजे दिसायलेत," ती म्हणाली. मग नाडी सोडली. "मी नाही जात."

मी झगा उचलून मांडीवर घेतला.

सासूबाई उठल्या. पेटी उघडून त्यांनी जांभळी साडी माझ्या मांडीवर टाकली. "घड्या घालून पट्टी कर न् खाली जोड."

"तुम्हाला मामांनी नेसवलेली आहे, आत्या," मी सासूबाईंना म्हणाले.

"नेसले की एकडाव. आता तिला नेसव."

लांबीत घड्या घालून पट्टी केली. त्या एका टोकाने बसल्या, मी दुसऱ्या. फाटलेली साडी जोडायला दंड घालतात तसे हातानेच टाके घातले. मधे आमचे हात एकमेकींना लागले. पट्टीच्या वजनाने झग्याला घेर आला, मोजे झाकले.

गॅदरिंगच्या दिवशी ती स्टेजवर आली आणि ते गुळगुळीत कापड घसरलं. टोपी मागे पडली. तिचं तोंड सगळ्यांना दिसलं. मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. ती तशीच थांबली. बाई पडद्याआडून वाक्य सांगत होत्या. मग तिने दोन्ही हातांनी टोपी पुढे ओढली, तिची आजी डोक्यावरचा पदर सारखा करते तशी, आणि म्हणाली, "डावीकडं नदी आहे, उजवीकडं वाघ आहे. मधून जा."

माझ्या हातांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई वाजवत नव्हत्या. त्या झग्याचा खालचा काठ बघत होत्या, टाके धरले का म्हणून.

घरी आल्यावर मी ब्लेड घेऊन बसले. एकही तुकडा कापलेला नव्हता; उसवलं की दोन्ही साड्या जशाच्या तशा निघणार होत्या.

"उसवू नको," मुलगी म्हणाली. "बाई म्हणल्यात, पुढच्या वर्षी पण नाटक आहे."

सासूबाईंनी माझ्या हातातलं ब्लेड घेऊन फळीवर ठेवलं. मी झग्याची घडी घातली. ती नीट बसत नव्हती.