घडी न बसणारा खेकडा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आर्वीच्या कॉलेजातल्या आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांचे, आणि माझं डोकंही सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्लं. दोन्ही अर्धे जुळतात का म्हणून जगातल्या प्रत्येक वस्तूची त्यांनी मनात एकदा तरी घडी घालून पाहिली असेल. गांडूळ, झुरळ यांची उभी घडी बसते; बाटलीतला तारामासा पाच तऱ्हांनी दुमडतो; गोगलगाय कशीच दुमडत नाही, म्हणून सरांचा तिच्यावर राग. त्यांच्या सदऱ्याला दोन खिसे आणि दोन्हींत एकेक पेन. लग्नाला गेले तरी मांडवाच्या दोन्ही बाजूंचे केळीचे खांब सारखे आहेत का ते आधी बघणार. एकदा खांब हलवून होईपर्यंत नवरदेव बाहेर उन्हात ताटकळला होता.

आकृतीची युक्तीही त्यांचीच. अर्धा प्राणी काढायचा, कागद दुमडायचा, खिडकीच्या काचेवर धरून दुसरा अर्धा गिरवायचा. मी तसाच खेकडा काढला. प्रॅक्टिकल परीक्षा परवावर आली होती, जर्नलवर सही नसेल तर बसू देत नसत, आणि आमच्या घरात बी.एस्सी.पर्यंत पोचलेला मी पहिलाच.

सरांनी जर्नल बाजूला सारलं. "खेकडा पाह्यला का कधी?"

"पाह्यला सर. नाचणगावच्या नाल्यावर लहानपणापासून पकडतो."

"मंग दोन्ही नांग्या सारख्या काऊन?"

नराची एक नांगी मोठी असते, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. तरी म्हटलं, युक्ती तुमचीच होती.

"युक्ती माही होती. डोळे तं तुहे होते ना? जा, घेऊन ये."

मनातल्या मनात शिव्या घालत गावाला गेलो. सकाळी ओलं फडकं घातलेल्या डब्यात खेकडा घेऊन एसटीत बसलो. डब्यात काय आहे ते कळल्यावर शेजारचा माणूस आर्वीपर्यंत उभ्यानं आला. सरांनी मला बसवून जुन्या आकृतीच्या समोरच्या पानावर नवी आकृती काढून घेतली. जुनं पान मात्र फाडू दिलं नाही. मग दोन्ही पानांवर सारखी सही केली.

इतक्या वर्षांनी परवा त्यांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सा. न.

मी आता शाळेत विज्ञान शिकवतो. ते जर्नल मुलांना दाखवतो. वही मिटली की दोन्ही खेकडे एकमेकांवर पडतात. जुळत नाहीत. पान फाडू दिलं नाही, तेव्हा तुमचा फार राग आला होता. आता ते पान जपून ठेवतो.

आपला विद्यार्थी."